‘पहिली’ म्हणजे नेमके काय केले, तेही छापावे

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींविषयी आपण छापलेले सचित्र पान मी दोनदा वाचले आणि मगच हे पत्र लिहायला बसले. पानावर अकरा छायाचित्रे होती व प्रत्येक छायाचित्राखाली ‘पहिली’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ होती. पहिली पदवीधर, पहिली कृष्णवर्णीय, पहिली नोकरी करणारी, अशी ती माळ होती. उरलेल्या मजकुराचा बराचसा भाग शपथविधीच्या दिवशी कोणी कोणत्या रंगाचा पोशाख घातला होता, यात खर्ची पडला होता. त्या स्त्रियांनी पहिल्यांदा जे केले त्यामुळे पुढे काय बदलले, हे मात्र एकाही ओळीत नव्हते. मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे आणि सनावळी पाठ करून इतिहास कळत नाही, हे मुलांना सांगता सांगता निवृत्त झाले आहे, म्हणून ही उणीव मला अधिक टोचली.

आधी दोन चुका दाखवते, कारण त्या दुरुस्त होणे गरजेचे आहे. मेलानिया ट्रम्प या परदेशात जन्मलेल्या पहिल्या राष्ट्राध्यक्ष-पत्नी होत, असे आपण लिहिले आहे. तो मान जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या पत्नी लुइसा ॲडम्स यांच्याकडे जातो. त्यांचा जन्म १७७५ मध्ये लंडनमध्ये झाला होता आणि १८२५ ते १८२९ या काळात त्या व्हाइट हाऊसमध्ये होत्या. मेलानिया या परदेशात जन्मलेल्या दुसऱ्या. पुढे रीतसर अर्ज करून अमेरिकी नागरिकत्व मिळवलेल्या मात्र त्या पहिल्याच, आणि तेवढे लिहिले असते तरी ओळ बरोबर ठरली असती.

दुसरी चूक जास्त जुनी आहे आणि ती एकट्या आपल्याच वृत्तपत्राची नाही. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्य वॉशिंग्टनवर चालून आले, तेव्हा डॉली मॅडिसन यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचे भव्य तैलचित्र स्वतः भिंतीवरून उतरवून पळवून नेले, असे आपल्या पानावर आहे. ही कथा अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनाही अशीच सांगितली जाते. डॉलीबाईंनी ते चित्र वाचवण्याचा हट्ट धरला, ते नेल्याशिवाय आपण निघणार नाही असे बजावले, हे खरे आहे आणि त्यांचे धैर्य कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये पॉल जेनिंग्ज नावाचा पंधरा वर्षांचा एक गुलाम मुलगा दुपारच्या जेवणाचे टेबल मांडत होता. पुढे त्याने आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्या १८६५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. चित्र इतके मोठे होते की ते काढायला शिडी लागली असती व तेवढा वेळ कोणापाशीच नव्हता, ते उतरवले सूसा नावाच्या फ्रेंच द्वारपालाने आणि मॅग्रॉ नावाच्या माळ्याने, आणि चांदीची भांडी वगैरे सामानाबरोबर ते गाडीत घालून हलवले, असे तो स्पष्ट लिहितो.

या मुलाची पुढची हकीकत मला कधीच विसरता आलेली नाही. पती, माजी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन, वारल्यावर डॉलीबाईंची आर्थिक ओढाताण सुरू झाली आणि १८४६ मध्ये त्यांनी जेनिंग्जला विकले. सहा महिन्यांनी सिनेटर डॅनियल वेब्स्टर यांनी १२० डॉलर मोजून त्याला सोडवले, आणि ती रक्कम त्याने काम करून फेडली. म्हातारपणी डॉलीबाई खायलाही महाग झाल्या, तेव्हा वेब्स्टर यांच्या घरून किराणा-भाजीची टोपली घेऊन हाच जेनिंग्ज त्यांच्या दारी जात असे आणि अधूनमधून स्वतःच्या खिशातले चार पैसेही त्यांच्या हातावर ठेवीत असे. प्रतिनिधिगृहाने डॉलीबाईंना सभागृहात मानाची जागा दिली, तारायंत्रावरून पहिला खासगी संदेश पाठवण्याचा मान त्यांना मिळाला, हे सारे १८४४ मधले, आणि ते आपल्या पानावर आले ते योग्यच झाले. पण ज्याने तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला, त्याला चार ओळी मिळायला हव्या होत्या.

आता मूळ मुद्द्याकडे येते. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलींनी याच विषयाची कात्रणे जमवली होती. डिंकाने बरबटलेले हात पुसत नववीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, यांना पगार किती मिळतो?” मला उत्तर ठाऊक नव्हते. ग्रंथालयात जाऊन शोधले तेव्हा कळले, की काहीही मिळत नाही. अमेरिकेच्या घटनेत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचा उल्लेखच नाही. या पदाला ना निवडणूक, ना शपथ, ना वेतन, ना कामाची यादी. घरी आलेल्या पाहुण्यांची सरबराई करणे एवढेच तिच्याकडून अपेक्षित होते, आणि ती सरबराई नीट झाली नाही तर नवऱ्याच्या राजकारणाला धक्का पोहोचत होता. मार्था वॉशिंग्टन यांनी पहिल्याच वर्षी, १७८९ मध्ये, आपल्या भाचीला लिहिले की मी इथे सरकारी कैद्यासारखी आहे. नोव्हेंबर १८०० मध्ये ॲबिगेल ॲडम्स अर्धवट बांधलेल्या व्हाइट हाऊसमध्ये राहायला गेल्या, तेव्हा आज जिथे राष्ट्रप्रमुखांचे स्वागत होते त्या ईस्ट रूममध्ये त्यांनी दोऱ्या बांधून धुणे वाळत घातले. याच ॲबिगेलबाईंनी १७७६ च्या मार्च महिन्यात नवऱ्याला पत्र लिहून, नवे कायदे कराल तेव्हा स्त्रियांचा विसर पडू देऊ नका, असे बजावले होते. नवऱ्याने ते हसण्यावारी नेले. पुढे स्त्रियांना मताचा राष्ट्रव्यापी हक्क मिळायला १९२० साल उजाडले, आणि त्या वर्षी फ्लॉरेन्स हार्डिंग या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याला मत देऊ शकल्या. ‘पतीला मत देणारी पहिली’ ही आपल्या पानावरची ओळ ॲबिगेलबाईंच्या पत्राशेजारी ठेवली की तिचा अर्थ उमगतो. एकटी वाचली तर ती सामान्यज्ञानाच्या परीक्षेतला प्रश्न होऊन बसते.

आपण स्वतः वृत्तपत्र चालवता, म्हणून एलेनॉर रूझवेल्ट यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. ‘पत्रकार परिषद घेणारी पहिली’ एवढेच आपण म्हटले आहे. ६ मार्च १९३३ रोजी, म्हणजे नवऱ्याच्या शपथविधीनंतर दोनच दिवसांनी, व्हाइट हाऊसच्या रेड रूममध्ये पस्तीसेक स्त्री-पत्रकार जमल्या. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा काहीजणी जमिनीवर बसल्या, आणि एलेनॉरबाईंनी साखरेत मुरवलेल्या फळांचा डबा हातोहात फिरवला. या परिषदेला पुरुष पत्रकारांना प्रवेश नव्हता आणि हीच त्यातली खरी मेख होती. मंदीचे दिवस होते, नोकऱ्या जात होत्या आणि बायकांच्या आधी जात होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीकडून बातमी मिळवायची तर वृत्तपत्राला आणि वृत्तसंस्थेला पगारी बातमीदार म्हणून बाई ठेवणे भाग पडावे, यासाठी ही अट होती. बारा वर्षांत अशा तीनशेहून अधिक परिषदा झाल्या. किती जणींची नोकरी त्यामुळे टिकली याचा हिशेब कोणी मांडला असेल-नसेल, पण सत्तेच्या दारात बायकांना हक्काची जागा मिळाली ती अशी. एलेनॉरबाईंचा वृत्तपत्रातला स्तंभ १९३५ पासून आठवड्याचे सहा दिवस छापून येत असे व नवरा वारल्यावरही तो थांबला नाही. १९३९ मध्ये मारियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारणाऱ्या संस्थेचा त्यांनी जाहीर राजीनामा दिला. आपल्या पानावर मात्र त्यांच्या टोपीचे वर्णन आहे.

एलेनॉरबाईंच्या कामाशी आपला थेट धागाही जुळतो आणि मराठी वृत्तपत्राने तो सांगायला हवा होता. १९४८ च्या १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. तो तयार करणाऱ्या आयोगाच्या एलेनॉरबाई अध्यक्ष होत्या. त्याच आयोगावर भारतातर्फे हंसाबेन मेहता होत्या. पूर्वीच्या मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात काम केलेल्या आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने घटना समितीला राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या त्या याच. जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्यात स्त्रिया आल्याच, असे एलेनॉरबाईंचे म्हणणे होते, कारण अमेरिकेत तो शब्द तसाच वापरण्याची रूढी होती. हंसाबेन यांनी ते मान्य केले नाही. काही देशांत या शब्दाचा अर्थ शब्दशः पुरुष असाच घेतला जाईल, असे त्यांनी ठामपणे मांडले. शेवटी पहिल्या कलमात ‘सर्व मानव’ असे शब्द आले. जगातल्या सर्वांत प्रभावी राष्ट्राध्यक्ष-पत्नीलाही आपल्याकडच्या एका बाईने एक शब्द बदलायला लावला, याचा मला फार अभिमान वाटतो.

बाकीच्यांविषयी थोडक्यात लिहिते. हेलन टाफ्ट यांच्या आग्रहामुळे वॉशिंग्टनला चेरीची झाडे लागली. जपानहून आलेली पहिली दोन हजार झाडे किडलेली निघाली म्हणून जाळावी लागली. दुसऱ्यांदा तीन हजारांवर झाडे आली आणि २७ मार्च १९१२ रोजी त्यांनी व जपानी राजदूतांच्या पत्नींनी पहिली दोन लावली. शपथविधीचा पोशाख संग्रहालयाला देणाऱ्याही त्याच पहिल्या. आज पोशाखांच्या त्या दालनात गर्दी उसळते आणि वृत्तपत्रांची पोशाखांची हौसही कदाचित तिथूनच आली असावी. एडिथ विल्सन यांचे प्रकरण मला अजूनही अस्वस्थ करते. ऑक्टोबर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले आणि त्यांच्यापर्यंत कोणता कागद जायचा, कोणता नाही, हे त्यांची पत्नी कित्येक महिने ठरवत राहिली. नवऱ्यावरच्या मायेने केले असेल, पण निवडून न आलेल्या माणसाने इतके ठरवणे योग्य नव्हते, असेच माझे मत आहे. राष्ट्राध्यक्ष असमर्थ झाल्यास काय करायचे, हे १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवले गेले. लेडी बर्ड जॉन्सन १९६४ मध्ये रेल्वेने दक्षिणेकडच्या आठ राज्यांत एकट्या प्रचाराला गेल्या. नागरी हक्कांच्या कायद्यामुळे तिथे वातावरण तापलेले होते आणि त्यांना धमक्याही येत होत्या. रोझलिन कार्टर मंत्रिमंडळाच्या बैठकीत मागे बसून टिपणे घेत, मानसिक आरोग्याच्या प्रश्नावर त्यांनी १९७९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, आणि व्हाइट हाऊसच्या ईस्ट विंगमध्ये स्वतःचे कार्यालय थाटणाऱ्या त्या पहिल्या. (त्यांच्या सासूबाई लिलियन कार्टर अडुसष्टाव्या वर्षाच्या आसपास विक्रोळीत परिचारिका म्हणून सेवा करून गेल्या होत्या. आपल्या मुंबई आवृत्तीच्या वाचकांना हे वाचायला आवडले असते.) जिल बायडेन नवरा राष्ट्राध्यक्ष असतानाही व्हर्जिनियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिल्या. बाहेरची पगारी नोकरी न सोडणाऱ्या त्या पहिल्याच आणि एक शिक्षिका म्हणून मला त्यांचे विशेष कौतुक आहे.

बेटी फोर्ड यांना आपण एक ओळही दिलेली नाही, आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे. जेराल्ड फोर्ड ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. दोन महिने व्हायच्या आतच, २८ सप्टेंबरला, बेटी फोर्ड यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तोवरची रीत अशी होती की असे आजार झाकून ठेवायचे. या बाईंनी ते जाहीर करू दिले, आजाराचे नाव आणि शस्त्रक्रियेचा प्रकार यांसकट. त्यांच्याकडे हजारो पत्रे आली. देशभर बायका तपासणीसाठी रांगा लावू लागल्या. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नाव सुचवले गेलेले नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नीलाही त्याच सुमारास स्वतःला तपासून गाठ सापडली व पुढच्याच महिन्यात त्यांच्यावरही शस्त्रक्रिया झाली. पुढे दारू आणि गोळ्यांचे आपले व्यसनही बेटीबाईंनी लपवले नाही आणि १९८२ मध्ये व्यसनमुक्तीचे केंद्र उभे केले.

माझी थोरली काकू १९७८ मध्ये गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात विहिरीवरून येताना ती कळशी डाव्या कडेवरून उजव्या कडेवर घेऊ लागली, हे मी पाहिले होते आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता. स्वयंपाकघरात बसली की पदर सारखा सावरून घेई. आठ-नऊ महिने तिने ती गाठ कोणालाही दाखवली नाही. शेवटी आईला सांगितले तेही मागच्या पडवीत, कुजबुजत, “अंगावरचं काहीतरी आहे” एवढेच. डॉक्टरांकडे नेले तेव्हा उशीर झाला होता. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना आम्ही पोटाचा विकार सांगत होतो. ती गेली तेव्हा वृत्तपत्रात आलेल्या निधनवार्तेत “अल्पशा आजाराने” असे शब्द होते. ते आमच्याच घरच्यांनी लिहून दिले होते, म्हणून वृत्तपत्राला मी दोष देत नाही. परंतु चार वर्षांआधी जगाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईने त्या आजाराचे नाव मोठ्याने उच्चारले होते आणि ती बातमी आमच्या पडवीपर्यंत आली असती, तर काकूने कोणाला तरी दोन महिने आधी सांगितले असते का, हा प्रश्न माझ्या मनातून आजही जात नाही. म्हणून ‘पहिली’ या शब्दापाशी थांबू नका, अशी माझी विनंती आहे. ती पहिली बोलली म्हणून दुसरी, तिसरी बोलू शकली, हे सांगणे हेच वृत्तपत्राचे काम आहे.

या पदाचे काम कायद्याच्या नजरेला दिसायलाही फार उशीर लागला. राष्ट्राध्यक्षांना कामात मदत करणाऱ्या पती किंवा पत्नीला सरकारी खर्चाने कर्मचारी देता येतील, अशी तरतूद १९७८ च्या कायद्यात झाली. हिलरी क्लिंटन आरोग्यसेवेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या गटाच्या प्रमुख झाल्या तेव्हा, त्या सरकारी अधिकारी की बाहेरच्या व्यक्ती, हा वाद न्यायालयात गेला, आणि १९९३ मध्ये अपील न्यायालयाने सरकारी सल्लागार समित्यांविषयीच्या कायद्यापुरते त्यांना सरकारी अधिकाऱ्यासमान मानले. पुढे त्या २००० मध्ये सिनेटवर निवडून आल्या आणि २०१६ मध्ये मोठ्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या महिला उमेदवार झाल्या. रोझलिन कार्टर यांच्यापासून पुढच्या बहुतेकजणींचे कर्मचारी जिथे बसत, ती ईस्ट विंग ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या नृत्यगृहासाठी पाडण्यात आली. आपल्या पानावर त्याचा उल्लेखही नाही.

आपल्याकडची स्थिती वेगळी नाही, म्हणून एक आठवण. जुलै २००७ मध्ये आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्यांचे पती देवीसिंह शेखावत यांना काय म्हणायचे, यावर बरीच चर्चा झाली. अमरावतीचे पहिले महापौर आणि शिक्षणक्षेत्रात आयुष्य घालवलेले गृहस्थ, पण त्यांच्या पोशाखाविषयी अर्धे पान कोणी लिहिले नाही. राष्ट्रपतींच्या पत्नींच्या वाट्याला मात्र छायाचित्रातली कडेची जागा येते. फक्रुद्दीन अली अहमद यांच्या पत्नी आबिदा अहमद १९८१ मध्ये बरेलीतून लोकसभेवर निवडून आल्या, राष्ट्रपतींच्या पत्नींमध्ये असे घडण्याची ती पहिली वेळ होती, आणि के. आर. नारायणन यांच्या पत्नी उषाबाईंचा जन्म ब्रह्मदेशातला होता, हे आजच्या किती वाचकांना ठाऊक असेल? नोव्हेंबर २०१० मध्ये मिशेल ओबामा कुलाब्याच्या शाळेत मुलांबरोबर कोळी नृत्यात सामील झाल्या, ते आपण सर्वांनी कौतुकाने छापले. लहान मुलांच्या लठ्ठपणाविरुद्ध त्याच वर्षी त्यांनी हाती घेतलेल्या मोहिमेविषयी, किंवा त्यांचे खापरपणजोबा दक्षिण कॅरोलिनात गुलाम म्हणून राबले याविषयी, त्या आठवड्यात मला मराठीत काही वाचायला मिळाले नाही.

तेव्हा लुइसा ॲडम्स आणि पॉल जेनिंग्ज यांच्याविषयीची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी, आणि बेटी फोर्ड यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा, ही नम्र विनंती. त्या लेखाशेजारी आपल्या जिल्ह्यात स्तनांची तपासणी कुठे आणि कोणत्या वारी होते, हेही चौकटीत छापता आले तर फार बरे होईल. जागा कमी पडत असेल तर एखाद्या पोशाखाचे छायाचित्र वगळले तरी चालेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा